स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

‘स्नॅपशॉट घेतलाय की, मग बॅकअप कशाला?’ हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा नीट लिहितो.

बॅकअप तुम्हाला ठाऊकच आहे: व्हीएमची (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) पूर्ण प्रत, वेगळ्या स्टोरेजवर. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवणं, काही बिघडलं तर तिथे परत जाता यावं म्हणून. हायपर-व्ही या व्हीएम चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉटला चेकपॉइंट म्हणतात, त्याने फार फरक पडत नाही.

खरी मेख पुढे आहे. स्नॅपशॉट घेताना डिस्कची प्रत निघतच नाही. व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. ५०० जीबीच्या व्हीएमचाही स्नॅपशॉट चटकन होतो, कारण मूळ व्हीएमडीके फाइल (हीच व्हीएमची डिस्क) जिथल्या तिथे गोठते आणि पुढचं सगळं लिखाण नव्या डेल्टा फाइलमध्ये जातं. डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल ठेवायची जागा) उघडा, नावात ०००००१ असलेली फाइल दिसेल. तिच्यात फक्त बदललेले ब्लॉक असतात. मूळ फाइल गेली, की त्या डेल्टातून व्हीएम उभी राहत नाही. आणि दोन्ही बहुधा एकाच डेटास्टोअरवर असतात. स्टोरेज बसलं, की दोन्ही जातात.

शिवाय डेल्टा फुगत राहते. डेटास्टोअर भरला की व्हीएम अडकते. स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअर स्वतःच सांगतं. तरी सहा-सहा महिने जुने ‘अपग्रेडच्या आधीचे’ स्नॅपशॉट सापडतात, याचा मला मनस्वी राग येतो. लोक ते काढायला घाबरतात. घाबरू नका: ‘डिलीट’ने आजचा डेटा जात नाही, तो मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो. जातो तो ‘रिव्हर्ट’ने, म्हणजे स्नॅपशॉटच्या स्थितीला परत गेल्याने. मात्र डेल्टा मोठी असेल तर मिसळायला कित्येक तास लागतात, म्हणून हे काम रात्री करा.

गोंधळाला बॅकअप सॉफ्टवेअरही हातभार लावतं. ते तात्पुरता स्नॅपशॉट घेतं, गोठलेली डिस्क वाचून प्रत बाहेर नेतं आणि स्नॅपशॉट काढून टाकतं. प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये तर बॅकअपच्या एका मोडचं नावच ‘स्नॅपशॉट’ आहे, पण त्यातून निघतो तो खरा बॅकअप.

माझी पद्धत ठरलेली आहे. पॅच टाकण्याआधी स्नॅपशॉट, सगळं नीट चाललं की दुसऱ्या दिवशी डिलीट. बॅकअप रोज, वेगळ्या यंत्रावर, आणि एक प्रत इमारतीबाहेर. अधूनमधून एखादी व्हीएम खरोखर रिस्टोअर करून, लॉगिन करून पाहा. चालू करण्याआधी तिचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा, नाहीतर एकाच आयपीवर दोन सर्व्हर भांडत बसतील.