कोकणातल्या कारखान्यांत मेंटेनन्स कुणाचं, कायम कामगाराचं की ठेकेदाराच्या माणसाचं? एका वादाची पार्श्वभूमी

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव या पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांचं देखभालीचं वेळापत्रक पावसाभोवती फिरतं. जून ते सप्टेंबरमध्ये साधारण ३,००० मिलीमीटर पाऊस, त्यात खारी हवा. लॅगिंगखाली (पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणाखाली) पाणी मुरतं, वरचा पत्रा चकचकीत राहतो आणि आतला पाइप गंजत जातो. उघड्यावरच्या मोटरचं इन्सुलेशन ओलीमुळे उतरतं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून मोठा शटडाऊन, म्हणजे कारखाना थांबवून करायची देखभाल, मे अखेरपर्यंत उरकायची धडपड. पुढे गणपतीत फिटर मिळत नाही, हे सगळेच धरून चालतात.

कायद्याची सुरुवात जुनी आहे. बॉयलरसाठी १९२३ चा कायदा आला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि क्रेनची वर्षातून एकदा तपासणी बंधनकारक केली. ग्लँड (फिरत्या दांड्याभोवतीचं सील) गळणाऱ्या पंपाचं काय, ते ज्याचं त्याने बघावं. १९८४ मध्ये भोपाळला वायुगळती झाली, तेव्हा तिथली शीतकरण यंत्रणा बंद होती आणि फ्लेअरकडे (निसटता वायू जाळणाऱ्या मनोऱ्याकडे) जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा बदलण्यासाठी काढून ठेवलेला होता. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. कागद वाढले, हे नक्की.

खरा वाद मात्र माणसांचा आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटी पद्धतीवर बंदी घालताना काम बारमाही आहे का, हेही पाहायचं होतं. देखभाल बारमाहीच असते, तरी वर्कशॉपमधला कायम फिटर निवृत्त झाला की त्या जागी ठेकेदाराचा माणूस येऊ लागला. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंदी आली तरी कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही, हेही स्पष्ट झालं. व्यवस्थापनाचं म्हणणं सरळ होतं: शटडाऊनला शंभर हात लागतात, एरवी दहा. ते खोटं नव्हे. पण कोणता व्हॉल्व्ह उलटा बसवलाय, कोणत्या लाइनला आंधळी फ्लँज (लाइन बंद करणारी चकती) आहे, हे त्या दहांनाच ठाऊक असतं, आणि कपात नेमकी त्यांच्यातच झाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार सुरक्षा संहितेने गुंता वाढवला. आता ‘मुख्य कामात’, म्हणजे कारखाना ज्यासाठी उभा आहे त्या कामात, कंत्राटी माणूस चालत नाही, एरवी सहसा ठेकेदाराकडून करून घेतलं जाणारं काम वगैरे अपवाद सोडून. मुख्य कामात न धरायच्या यादीत स्वच्छता, कँटीन, बागकाम यांच्याबरोबर ‘बांधकाम व त्याची देखभाल’ आहे. शिवाय अधूनमधून होणारं कोणतंही काम त्या यादीत बसतं. यंत्रदेखभाल थेट नावाने यादीत नाही. ठेकेदार म्हणतो, शटडाऊन वर्षातून एकदाच होतो, म्हणजे ते अधूनमधूनचंच काम. युनियन विचारते, रोज सकाळी ऑइल लेव्हल बघणारा अधूनमधूनचा कसा? माझा कल युनियनकडे आहे. रिअ‍ॅक्टरचा अ‍ॅजिटेटर (ढवळणी) सील ज्याच्या हाती असतो, त्याचं काम बागकामाच्या रांगेत बसवणं पटत नाही.

शटडाऊन आणि रोजची देखभाल वेगळी मोजायची का, यावरच पुढचे वाद होणार.