काल्ताजिरोने

काल्ताजिरोने : इटलीच्या सिसिली बेटावरील डोंगरमाथ्याचे जुने गाव, रंगीत झिलईच्या मातीकामासाठी प्रसिद्ध. कातानिया शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ७० किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून ६०८ मी. उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या चाळीस हजारांहून थोडी कमी. एका बाजूला कातानियाचे मैदान, दुसऱ्या बाजूला जेलाचे, आणि मधल्या टेकड्यांवर हे गाव पसरलेले आहे. दोन्ही मैदानांवर नजर ठेवता येत असल्याने हा माथा लष्करी दृष्ट्या महत्त्वाचा होता. गाव टिकले मात्र पायथ्याच्या मातीवर. परिसरात उत्तम चिकणमाती मुबलक आहे आणि भट्ट्यांसाठी लागणारे लाकूड जवळच्या सांतो पिएत्रोच्या ओक-जंगलातून येई.

नावाचा पहिला भाग अरबी ‘कलआ’ म्हणजे किल्ला या शब्दापासून आला, याबद्दल वाद नाही. उरलेल्या भागाबद्दल दोन मते आहेत. काही अभ्यासक ‘भांड्यांचा किल्ला’ असा अर्थ लावतात, तर काही ‘गुहांचा किल्ला’ असा. गावकऱ्यांना अर्थातच पहिला अर्थ प्रिय आहे.

अरबांचा वारसा : इ.स. ८२७ मध्ये अरब फौजा सिसिलीत उतरल्या. पुढच्या दोन शतकांत बेटावर लिंबू-संत्री आली, पाटबंधारे आले आणि भांड्यांवर चकचकीत झिलई चढवण्याची कलाही आली. त्याआधीही इथे चाक फिरत होते, पण काचेसारखी गुळगुळीत आणि पाणी न झिरपणारी रंगीत भांडी अरबांनी शिकवली. पुढे नॉर्मन राजे आले, स्पॅनिश सत्ता आली, पण भांड्यांची अरबी नावे सिसिलियन बोलीत टिकून राहिली. मोठ्या रांजणाला तिथे ‘जारा’ म्हणतात. औषधे, लोणची, मुरांबे ठेवायच्या उभट भांड्याचे नाव ‘बुर्निया’, तेही अरबीतून आलेले. मराठी वाचकाला ते ऐकताच घरातली बरणी आठवल्याशिवाय राहणार नाही. पाण्याच्या किंवा दारूच्या चंबूला ‘कान्नाता’ म्हणत, म्हणून गावातल्या कुंभारांना ‘कान्नातारी’ हे नाव पडले. मधाच्या व्यापाराला भांडी लागत, मठांना आणि औषधशाळांना बरण्या लागत, चर्चच्या घुमटांना आणि जमिनींना फरशा लागत. या मागणीवर कुंभारांचे पूर्ण मोहल्ले उभे राहिले.

कामाची रीत : इथल्या भांड्यांना ‘मायोलिका’ म्हणतात. माती मळून, चाकावर घडवून, सावलीत सुकवून भांडे पहिल्यांदा सुमारे १,००० अंश सेल्सिअसला भाजतात. भट्टीतून ते विटकरी, खरखरीत आणि तहानलेले बाहेर येते. मग ते कथिलाच्या भस्माने दुधाळ केलेल्या झिलईच्या पातळ रबडीत बुडवतात. भाजलेली माती पाणी क्षणात शोषून घेते आणि पृष्ठभागावर पांढऱ्या पिठाचा नाजूक थर उरतो. चित्र काढायचे ते या थरावर, आणि कारागिराची खरी परीक्षा इथेच आहे. कुंचला टेकताच रंग आत ओढला जातो. पुसता येत नाही, गिरवता येत नाही, हात थबकला तर तिथे डाग उरतो. त्यामुळे वर्षानुवर्षे एकच वेल, एकच पान हजारो वेळा काढून हात तयार करावा लागतो. चित्र झाल्यावर दुसरी भाजणी होते. झिलई वितळून काच बनते आणि रंग तिच्यात कायमचे बसतात. निळा कोबाल्टपासून, हिरवा तांब्यापासून, पिवळा अँटिमनीपासून आणि जांभळट तपकिरी मँगनीजपासून मिळतो. गर्द निळा, हिरवा आणि पिवळा या तीन रंगांवरून काल्ताजिरोनेचे काम दुरूनही ओळखू येते. पोर्तुगीजांच्या चित्रफरशाही याच कथिली झिलईच्या कुळातल्या. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील फरशांची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पांढरी जमीन आणि तिच्यावरचा निळा रंग अगदी परका वाटणार नाही.

भूकंप आणि नवे गाव : ११ जानेवारी १६९३ रोजी झालेल्या भूकंपाने आग्नेय सिसिली उद्ध्वस्त केली. सुमारे ६० हजार माणसे दगावली असा अंदाज आहे. काल्ताजिरोनेचीही फार मोठी पडझड झाली, जुन्या भट्ट्या आणि मध्ययुगीन भांडी मातीत गेली. आज दिसणारे गाव बहुतांशी त्यानंतरच्या बरोक (वळणदार, नक्षीने भरलेल्या) शैलीतले आहे. २००२ मध्ये व्हाल दि नोतो या आग्नेय सिसिलीतल्या प्रदेशातील आठ बरोक गावांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत काल्ताजिरोने आहे. मात्र नोतो किंवा रागुसा यांच्यापेक्षा ते वेगळे दिसते, कारण इथे नुसता दगड कोरलेला नाही. सज्जांच्या कठड्यांवर झिलईचे पाइन-फळ बसवलेले असते, चौकटींना फरशांच्या पट्ट्या असतात, दोन टेकड्या जोडणारा सान फ्रांचेस्को पूलही मायोलिकाच्या फुलांनी सजवलेला आहे. सार्वजनिक बागेच्या कठड्यांवरही झिलईच्या कुंड्या आणि नक्षी आहे.

सांता मारिया देल मोंते जिना : गावाची ओळख बनलेला हा जिना १६०६ मध्ये बांधण्यात आला. वरच्या जुन्या वस्तीतले मुख्य चर्च आणि खाली सरकलेला कारभार यांना जोडण्याची ती सोय होती. १४२ पायऱ्या आहेत, त्या काळ्या लाव्हा-दगडाच्या. सुरुवातीला मधे मधे सपाट टप्पे होते. एकोणिसाव्या शतकात ते काढून एकच सलग चढ करण्यात आला. पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर मायोलिकाच्या फरशा बसल्या त्या १९५४ मध्ये, म्हणजे सजावट जिन्याहून साडेतीनशे वर्षांनी तरुण आहे. पुष्कळ प्रवासी ती मूळचीच समजतात.

प्रत्येक पायरीची नक्षी वेगळी आहे, आणि ती कशीही मांडलेली नाही. दहाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या सिसिलियन मातीकामातले नमुने तळापासून वर क्रमाने येतात : आधी अरबी वळणाची भूमिती, मग नॉर्मन काळातले प्राणी, स्पॅनिश वळणाची फुले, बरोकची लपेटदार पाने. खालून पाहिले की पूर्ण जिना रंगीत दिसतो. वरून खाली पाहिले की फक्त काळा दगड दिसतो, एकही फरशी दिसत नाही. म्हणून चढताना घाई करू नये. दर दहा-बारा पायऱ्यांनी थांबून समोरची पट्टी पाहावी. दमही टिकतो आणि हजार वर्षांची नक्षी वाचूनही होते.

२४ आणि २५ जुलैच्या रात्री, गावाचे रक्षक संत सान जाकोमो यांच्या उत्सवात, जिन्यावर सुमारे ४,००० तेलाचे दिवे लावतात. प्रत्येक दिवा रंगीत कागदाच्या नळकांड्यात असतो. लाल, पिवळे, हिरवे, पांढरे कागद आधी आखलेल्या चित्राप्रमाणे पायऱ्यांवर मांडलेले असतात. खूण होताच सगळीकडून दिवे लागू लागतात आणि तळाच्या चौकात उभ्या असलेल्या गर्दीला अंधारातून एक प्रचंड चित्र उमटताना दिसते. ऑगस्टच्या मध्यावर हा दीपोत्सव पुन्हा होतो. मेअखेरीस कोनादोमिनीच्या मेरी मातेच्या सणाला दिव्यांच्या जागी फुलझाडांच्या कुंड्या येतात.

पडता काळ आणि शाळा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यातली स्वस्त भांडी आणि सिमेंटच्या फरशा आल्या, आणि कान्नातारींच्या भट्ट्या विझू लागल्या. मातीच्या मूर्तींची परंपरा तेवढी जोमात होती. जाकोमो बोन्जोव्हानी आणि त्यांचा भाचा ज्युझेप्पे व्हाकारो यांनी शेतकरी, मेंढपाळ, चांभार, वादक यांच्या बारकाईने घडवलेल्या छोट्या मूर्तींनी मोठे नाव मिळवले. नाताळात येशूजन्माचे देखावे मांडण्याची गावाची हौस त्याच परंपरेतली. भांड्यांचा धंदा वाचवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात लुइजी स्तुर्झो (१८७१–१९५९) यांना द्यावे लागेल. याच गावात जन्मलेले हे पाद्री अनेक वर्षे गावाचा कारभार पाहत होते. १९१८ मध्ये त्यांनी इथे मातीकामाची शाळा काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी इटालियन लोकपक्ष स्थापन केला आणि राष्ट्रीय राजकारणात त्यांचे नाव गाजले, पण शाळा हे त्यांचे काम कमी मोलाचे नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या त्यामुळे वर्गात आली, आणि घरात चाक नसलेल्यांनाही ती शिकता आली.

पाहुण्यांसाठी : कातानियाहून बसने सुमारे दीड ते दोन तास लागतात. पियात्सा आर्मेरिनाजवळचा रोमन काळातला काझाले वाडा इथून जवळ असल्याने अनेक जण दोन्ही ठिकाणे एका दिवसात उरकतात. मग काल्ताजिरोनेच्या वाट्याला जिना आणि एक दुकान एवढेच येते, आणि ते अन्यायाचे आहे. बागेलगतचे मातीकामाचे प्रादेशिक संग्रहालय आधी पाहावे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात प्रागैतिहासिक काळापासून विसाव्या शतकापर्यंतची भांडी आहेत. त्यांत इ.स.पू. पाचव्या शतकातले एक ग्रीक पात्र आहे, ज्यावर चाकावर काम करणारा कुंभार आणि त्याच्यावर कृपादृष्टी ठेवणारी ग्रीक देवी अथेना रंगवलेली आहे. चाकाचे चित्र चाकावरच घडलेल्या भांड्यावर पाहायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. हा संग्रह पाहिलेल्या डोळ्यांनी जिन्यावर गेले की पायऱ्या ओळखीच्या वाटतात.

दुकाने आणि कार्यशाळा जिन्याच्या दोन्ही बाजूंना व आसपासच्या गल्ल्यांत आहेत. सर्वांत जास्त खप मस्तकाच्या आकाराच्या कुंड्यांचा. त्यांना ‘तेस्ते दि मोरो’ म्हणतात. पालेर्मोतल्या एका तरुणीने फसवणाऱ्या मूर (उत्तर आफ्रिकी मुसलमान) प्रियकराचे डोके कापून त्यात तुळशीच्या जातीचे सुगंधी रोप लावले, अशी दंतकथा त्यांच्यामागे आहे. खरेदी करताना भांडे उलटे करून तळ पाहावा : हाताने रंगवलेल्या कामावर बहुधा कार्यशाळेचे नाव असते. दोन सारख्या भांड्यांतली पाने तंतोतंत जुळली तर चित्र छापील चिकटवलेले असण्याची शक्यता अधिक. कथिली झिलईत परंपरेने शिसे असे, त्यामुळे जेवणाला वापरायचे असेल तर तसे स्पष्ट विचारून घ्यावे. आणि आपल्याकडे माठ घेताना करतो तसे बोटाने वाजवून पाहावे, तडा गेलेले भांडे तिथेही बद्द वाजते.