चाळण कुणाच्या हातात? रिपोर्टमधल्या फिल्टरची पार्श्वभूमी

१८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रात माणशी एक भोकं पाडलेलं कार्ड जाई. वरून सुया दाबल्या की जिथे भोक असेल तिथली सुई खालच्या पाऱ्यात बुडे, वीज वाहू लागे आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. अनेक अटी एकत्र जोडता येत. अट जुळली की शेजारच्या पेटीतल्या ठरलेल्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडे आणि कारकून कार्ड त्यात टाके. आजच्या रिपोर्टमधल्या फिल्टरचं, म्हणजे अट घालून हवे तेवढेच आकडे गाळून दाखवणाऱ्या सोयीचं तत्त्व यात जवळजवळ पूर्ण आलं. फक्त अट बदलायची तर तारा नव्याने जोडायला लागत, आणि ते काम आकडे वाचणाऱ्याच्या हातातलं नव्हतं.

ही वाटणी पुढे दीर्घकाळ टिकली. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती ओळी-स्तंभांच्या तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वल’ ही भाषा आणली, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या आजच्या एसक्यूएल भाषेचं पूर्वरूप. त्यातल्या ‘व्हेअर’ या शब्दाला अट द्यायची आणि हव्या त्या ओळी मिळवायच्या. प्रोग्रामर नसलेल्यांनाही प्रश्न विचारता यावेत असा तिचा हेतू होता. झालं उलटंच, ती प्रोग्रामरांचीच भाषा झाली. साहेबांना एखाद्याच शाखेचे आकडे हवे असले तर ईडीपी विभागाला (कंपनीच्या संगणक विभागाला) सांगायचं आणि छापील गठ्ठ्याची वाट बघायची.

माझ्या मते खरं वळण मेरीलँड विद्यापीठात आलं. १९९२ मध्ये बेन श्नायडरमन आणि ख्रिस्तोफर विल्यमसन यांनी ‘होमफाइंडर’ दाखवलं. वॉशिंग्टनचा नकाशा, त्यावर विकाऊ घरांचे ठिपके आणि बाजूला किंमत, खोल्या, कामाच्या जागेपासूनचं अंतर यांचे स्लायडर, म्हणजे माउसने सरकवायच्या पट्ट्या. स्लायडर सरकवता सरकवताच ठिपके गळत किंवा परत येत. प्रश्न लिहायचा, मग उत्तराची वाट बघायची, ही पद्धतच मोडली. किंमत जरा वाढवली की अचानक कुठे घरं उगवतात, हे डोळ्यांना कळू लागलं. लिहिलेल्या क्वेरीतून ते कळायला त्याच क्वेरीच्या दहा आवृत्त्या चालवाव्या लागल्या असत्या. १९९४ मध्ये ख्रिस्तोफर आल्बर्ग यांच्यासोबत श्नायडरमन यांनी हीच युक्ती चित्रपटांच्या यादीवर वापरली, आणि १९९६ मध्ये आल्बर्ग यांनी ‘स्पॉटफायर’ ही कंपनी काढली. संशोधनातला स्लायडर असा धंद्याच्या रिपोर्टात शिरला.

स्वीडनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या ‘क्लिक’ (Qlik) या कंपनीच्या रिपोर्ट-साधनाने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचं मोल अजूनही पुरेसं ओळखलं गेलेलं नाही. निवडलेलं हिरवं, त्याच्याशी जुळणारं पांढरं आणि न जुळणारं करडं. बाहेर राहिलेलं काय, हेही समोरच राहतं. बाकीची बहुतेक साधनं ते गुपचूप नाहीसं करतात.

नंतरचा प्रवास बराचसा माहितीतला आहे. स्टॅनफर्डच्या संशोधनातून २००३ मध्ये ‘टॅब्लो’ हे रिपोर्ट बनवायचं साधन निघालं, एक्सेल २०१० मध्ये स्लायसर (बटणं दाबून लावायची फिल्टरं) आले आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं तसंच साधन ‘पॉवर बीआय’ सर्वांसाठी खुलं झालं. डेटा स्तंभवार दाबून थेट मेमरीत ठेवता येऊ लागला, म्हणूनच लाखो ओळींवरचं फिल्टर क्षणात लागू लागलं. त्याच काळात चाळण थोडी कार्यालयाकडे परतलीसुद्धा. ‘रो-लेव्हल सिक्युरिटी’ म्हणजे प्रशासकाने आधीच लावलेलं फिल्टर. नागपूरच्या व्यवस्थापकाला फक्त नागपूरच्या ओळी दिसतात, आणि आपल्यापासून काही झाकलेलं आहे याची खूण रिपोर्टात असेलच असं नाही.

फिल्टर वाचकाच्या हाती आलं, पण कोणतं आधी लागतं हे यंत्राच्या पोटातच राहिलं. एसक्यूएलमध्ये ‘व्हेअर’ची अट ओळींचे गट पाडण्याआधी लागते आणि ‘हॅविंग’ या दुसऱ्या शब्दाची अट गट पाडल्यानंतर. निदान ते लिहिणाऱ्याला दिसतं तरी. टॅब्लोमध्ये ‘पहिले १० ग्राहक’ असं फिल्टर लावून वर शहर म्हणून पुणे निवडा. पहिले दहा आधी सगळ्या डेटातून निवडले जातात, पुण्याची अट नंतर लागते. त्या दहांतले दोघेच पुण्याचे असतील तर पडद्यावर दोनच नावं येतात. पुण्याचेच पहिले दहा हवे असतील तर शहराचं फिल्टर ‘कॉन्टेक्स्ट’मध्ये, म्हणजे आधी लागणाऱ्या फिल्टरांत टाकावं लागतं.