पांढऱ्या पेशी हाती कशा लागल्या

रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये लाल पेशी साधारण 50 लाख आणि पांढऱ्या 4 ते 11 हजार. म्हणजे पाचशे-हजार लाल पेशींमागे एक पांढरी. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीच्या) रिपोर्टात त्यांची नुसती मोजदाद होते. त्या कशाच्या बनल्यात, काय करतात हे पाहायचं, तर आधी या गर्दीतून त्यांना बाहेर काढायला हवं.

फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस डॉक्टरने 1869 मध्ये रक्ताचा नादच सोडला. जर्मनीत ट्यूबिंगेनला तो या पेशींचं रसायन शोधत होता. लसीकाग्रंथींतून (लिम्फ नोड्समधून) त्या पुरेशा मिळेनात. मग त्याने जवळच्या शस्त्रक्रिया विभागातून पुवाने भिजलेल्या पट्ट्या मागवल्या. पू म्हणजे बहुतांशी पांढऱ्या पेशीच, आणि त्या काळात जखमा चिघळायच्या इतक्या की पुवाला तोटा नव्हता. कुजलेल्या पट्ट्या बाजूला टाकायच्या, उरलेल्या सोडियम सल्फेटच्या द्रावणात धुवायच्या, पेशी तळाशी बसेपर्यंत थांबायचं. प्रयोगशाळा होती किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात! डुकराच्या जठरातल्या पेप्सिनने त्याने पेशींमधली प्रथिनं पचवली, तेव्हा केंद्रकातून फॉस्फरसयुक्त असा एक अनोळखी पदार्थ हाती आला. त्याला नाव दिलं ‘न्यूक्लिन’. गुरू होप-झायलर यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः प्रयोग करून पाहिला आणि मगच 1871 मध्ये निबंध छापला. डीएनए पहिल्यांदा सापडला तो असा.

पुढची काही दशकं पेशी वेगळ्या न काढता रंगवून ओळखण्यात गेली. पॉल एर्लिखने 1879 मध्ये कापडाच्या रंगांच्या जातीतलेच ॲनिलिन रंग वापरून इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार दाखवला. मेचनिकोवने 1882 मध्ये तारामाशाच्या अळीला काटा टोचून त्याभोवती जमणाऱ्या, आपल्या पांढऱ्या पेशींसारख्याच भटक्या पेशी पाहिल्या. 1908 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. (मुंबईत प्लेगची लस बनवणारे हाफकिन हे ओडेसाला याच मेचनिकोवचे विद्यार्थी होते.)

मला मात्र या सगळ्या इतिहासात सर्वांत गमतीची वाटते ती राजम्याची गोष्ट. राजम्याच्या अर्कात फायटोहिमॅग्लुटिनिन असतं. कच्च्या राजम्याने पोट बिघडतं ते त्यामुळेच. रक्तात हा अर्क घातला की लाल पेशींच्या गुठळ्या होऊन त्या खाली बसतात आणि पांढऱ्या वर तरंगत राहतात. 1940 च्या दशकाअखेरीपासून तो एवढ्याच कामाला वापरत. फिलाडेल्फियात पीटर नोवेल अशाच काढलेल्या पेशी वाढवत होते, तर काही दिवसांनी त्यात विभाजन होणाऱ्या पेशी दिसल्या. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा प्रकार म्हणजे पुढे न वाढणारी, संपलेली पेशी, अशी तोवर पक्की समजूत होती. एकेक घटक वगळून पाहिल्यावर 1960 मध्ये उलगडा झाला: पेशींना जागं करत होता तो राजमाच! गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्ताच्या नमुन्यात आजही तो घालतात.

आज लॅबमध्ये दिसते ती पद्धत नॉर्वेच्या आर्ने ब्यूयम यांची, 1968 ची. फिकॉल नावाचं साखरेपासूनचं पॉलिमर आणि एक्स-रेसाठी वापरायचं आयोडीनयुक्त द्रव्य मिसळून त्यांनी 1.077 घनतेचं द्रावण बनवलं. सलाइनने पातळ केलेलं रक्त त्यावर सोडायचं: नळी तिरकी, पिपेटचं टोक काचेला टेकवलेलं, थेंब अगदी सावकाश. हात हलला की थर मिसळले. मग सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) 400 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 400 पट जोर, अर्धा तास आणि ब्रेक बंद. नळी बाहेर काढली की वर पिवळा प्लाझ्मा, तळाशी लाल गाळ आणि मध्ये, फिकॉलच्या माथ्यावर, एक धूसर पांढरं वलय. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्यात. न्यूट्रोफिल या पांढऱ्याच, पण जड म्हणून लाल पेशींबरोबर खाली जातात. नवखा विद्यार्थी हे हमखास विसरतो.

वलयातल्या पेशींची आणखी फोड करणारं यंत्र मॅक फुलवायलरनी 1965 मध्ये लॉस अलामॉसला बनवलं. पेशी थेंबात पकडून, थेंबाला विद्युतभार देऊन बाजूला वळवायचं, ही युक्ती इंकजेट छपाईतली. स्टॅनफर्डच्या हर्झनबर्गनी तिला चमकत्या रंगांची जोड दिली, आणि 1975 नंतर मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच ठरावीक खुणेला चिकटणारी प्रथिनं) आल्यावर प्रत्येक जातीच्या पेशीवर खूण करता येऊ लागली. ‘सीडी4’ हे नाव त्यातलंच: एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या लिम्फोसाइटवरची ही खूण. एड्सच्या साथीने ते प्रयोगशाळेबाहेर आणलं: 2004 मध्ये भारतात एचआयव्हीची मोफत औषधं सुरू झाली, तेव्हा ती कुणाला द्यायची हे ठरवताना मुख्य कसोटी होती घनमिलिमीटरमागे सीडी4 पेशींचा आकडा 200 च्या खाली असण्याची.