पॅरामिशियम माघार कशी घेतं?

पावसाळा सरत आला की गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरीकडे शेतांच्या कडेला साचलेल्या पाण्यात भाताचा पेंढा कुजत पडलेला असतो. त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पॅरामिशियम सापडण्याची शक्यता बरीच. एकच पेशी, लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि अंगभर हजारो पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू. त्या वल्ह्यांसारख्या मारत ते सेकंदाला मिलिमीटरभर अंतर सहज कापतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती त्याची माघार. आडवं काही लागलं की ते थबकतं, मागे सरकतं, तोंड वळवतं आणि नव्या दिशेने निघतं. मेंदू नाही, एकही चेतापेशी नाही. मग एवढ्या पक्ष्माभिकांना उलटं फिरायला सांगतं कोण?

कॅल्शियम. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी राखलेलं असतं. पुढच्या टोकाला धक्का बसला की पेशीपटलावरचा विद्युतदाब बदलतो आणि पक्ष्माभिकांच्याच पटलातली कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरलं की फटकाऱ्याची दिशा उलटते. ते उपसून बाहेर टाकलं की पुन्हा सरळ पोहणं सुरू. मागच्या टोकाला धक्का बसला तर गोष्ट वेगळी. तेव्हा पोटॅशियम बाहेर पडतं, आत चक्रीय एएमपी हा रेणू वाढतो आणि पॅरामिशियम आणखी जोरात पुढे पळतं. जिवाणूंनी सोडलेलं फोलेट किंवा अ‍ॅसिटेट पाण्यात असेल, तर विद्युतदाब किंचित सरकतो, वळणं कमी होतात. अन्नाची वाट अशी सापडते.

याचा पुरावा फार सुंदर आहे. 1972 मध्ये जपानी शास्त्रज्ञ युताका नायतो आणि कानेको यांनी साबणासारख्या रसायनाने पॅरामिशियमचं पटल निकामी केलं. पेशी मेलेली, पण एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि मॅग्नेशियम देताच पक्ष्माभिका हलू लागल्या आणि ते निर्जीव शरीर पुढे पोहू लागलं. पाण्यात कॅल्शियम अगदी थोडं वाढवलं, तर ते मागे पोहायचं!

चिंग कुंग या शास्त्रज्ञांना तर मागे जाताच न येणारी पॅरामिशियमं मिळाली होती. बुद्धिबळातल्या प्याद्यावरून त्यांनी त्यांना ‘पॉन’ हे नाव दिलं. 1973 मध्ये या पॉन पॅरामिशियमांवरही हाच प्रयोग झाला. पटल निकामी होऊन कॅल्शियम थेट आत पोचताच ही प्यादीही मागे पोहली. पक्ष्माभिकांची यंत्रणा शाबूत होती. बिघाड दारात होता.