घर बघताना आता चालताही येईल

घराचं थ्रीडी मॉडेल दाखवणारा आमचा व्ह्यूअर ब्राउझरमध्येच उघडतो, वेगळं ॲप लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावल्यावर आतापर्यंत एका जागी उभं राहून नुसती मान फिरवावी लागे. गिरगावातल्या एका चाळीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला आम्ही हेडसेट घेऊन गेलो होतो. एका आजींनी हॉल बघितला, खिडकी बघितली आणि विचारलं, "अरे, पण स्वयंपाकघरात जायचं कुठून?" त्यांना हेडसेट काढायला लावून लॅपटॉपवर पुढची खोली उघडून द्यावी लागली. ते आम्हाला फार लागलं. बाकीची कामं मागे ठेवून हे हाती घेतलं.

आता डाव्या हातातल्या कंट्रोलरवरची स्टिक अंगठ्याने पुढे ढकलली, की तोंड ज्या दिशेला असेल तिकडे तुम्ही चालू लागता. छताकडे बघत ढकललीत तरी पाय जमीन सोडत नाहीत. स्टिकला हात लावला नाही तरी तिचा आकडा नेमका शून्यावर राहतोच असं नाही, म्हणून अगदी बारीक हालचाल व्ह्यूअर धरत नाही. नाहीतर उभ्या माणसाला घर सरकल्यासारखं वाटतं. वेग सेकंदाला एक मीटर. दहा बाय दहा फुटांची खोली तीन सेकंदांत पार होते, त्याहून जास्त वेग घरात नकोच. हेडसेट सेकंदाला 72 चित्रं दाखवणारा असो की 90, चाल तीच राहते.

काहींना यात गरगरतं, मळमळतं. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते उभे आहोत. त्या गोंधळाचा हा त्रास. म्हणून वळणं सलग न ठेवता उजव्या स्टिकने 30 अंशांच्या टप्प्यांनी ठेवली आहेत. शिवाय उडी आहे: कंट्रोलरवरचं ट्रिगर बटण दाबून धरा, फरशीवर गोल दिसेल, सोडलात की तिथे पोहोचलात. नवख्या माणसाला आधी उडीच द्या. गरगरायला लागलं तर हेडसेट लगेच काढा, "थोडं सहन करा" असं कुणाला सांगू नका.

आयफोनवरच्या सफारीत हेडसेटसारखं बघता येत नाही, तिथे पूर्वीसारखं बोटाने फिरवून बघा. व्ह्यूअर तुमच्या वेबसाइटच्या पानात बसवला असेल, तर ते पान एचटीटीपीएसवर (म्हणजे पत्ता https ने सुरू होणारं) हवं आणि व्ह्यूअर ज्या चौकटीत बसवलाय तिला एक्सआरची, म्हणजे हेडसेट वापरण्याची, परवानगी द्यावी लागते. तुमच्या वेबसाइटवाल्याचं आमच्याशी बोलणं करून द्या. जुन्या लिंका तशाच चालतील.

वयस्कर माणसांना फिरत्या खुर्चीवर बसवून दाखवा. ओट्याची उंची बघायची असेल तेव्हा मात्र त्यांना हाताला धरून उभं करा. बसल्यावर डोळे खाली येतात आणि ओटा आहे त्यापेक्षा उंच वाटतो.