कंपनीचा स्टिरिओ न काढताही सबवूफर बसतो
छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत वर्षानुवर्षे असे सांगितले जाते की, गाडीत सबवूफर (खोल, घुमणारा आवाज देणारा स्पीकर) हवा असेल तर कंपनीचा स्टिरिओ काढावाच लागतो. हे खरे नाही. स्टिरिओला आरसीए आउटपुट (अँप्लिफायरकडे, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या यंत्राकडे, कमी पातळीचा सिग्नल नेणारी जोडणी) नसले, तरी मागच्या स्पीकरच्या तारांतून सिग्नल घेऊन तो ‘हाय लेव्हल इनपुट’ (स्पीकरच्या तारेतला जोरदार सिग्नल घेणारी जोडणी) असलेल्या अँप्लिफायरला थेट, किंवा साध्या अँप्लिफायरला लाइन आउटपुट कन्व्हर्टरमार्फत (तो सिग्नल आरसीएच्या कमी पातळीवर आणणाऱ्या छोट्या उपकरणामार्फत) देता येतो. खरी काळजी घ्यायची ती विजेच्या जोडणीची: ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत ३०० वॅट देऊ शकणारा) अँप्लिफायर पूर्ण क्षमतेवर १२ व्होल्टला २५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, जो स्टिरिओच्या बारीक तारेला पेलत नाही. त्यामुळे जाड तार बॅटरीपासूनच आणावी आणि फ्यूज बॅटरीलगत बसवावा. तो अँप्लिफायरजवळ असेल, तर वाटेत पत्र्याला घासून सोललेली तार पेट घेऊ शकते.